ठाण्यात एकटा राहिलेला पाहुणा

जालना एमआयडीसीतल्या भट्ट्यांत भंगार वितळतं, त्याच्या लोखंडी सळ्या होतात आणि ट्रकमध्ये चढतात. मुंबईकडे निघालेला ट्रक समृद्धी महामार्गाला लागला, की हा रस्ता त्याला थेट ठाणे जिल्ह्यातल्या आमणे गावापर्यंत नेऊन सोडतो. दोस्तांनो, आपल्याकडचा माल समुद्राकडे नेणारी वाट काही आजची नाही बरं का! दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात पैठणचा माल घाट उतरून कल्याण आणि सोपारा या बंदरांकडे जायचा. सोपारा म्हणजे आजचं नालासोपारा. याच किनाऱ्यावर सातशे वर्षांपूर्वी एक परदेशी माणूस उतरला. त्याची ही गोष्ट.

त्याचं नाव जॉर्डेनस. मूळचा फ्रान्सचा, डोमिनिकन पंथाचा ख्रिस्ती साधू. सोबत चौघं होते: इटलीचे थॉमस, जेम्स आणि पीटर, आणि दुभाष्याचं काम करणारा जॉर्जियाचा डेमेट्रियस. होर्मुझ बंदरातून ते निघाले होते केरळातल्या कोल्लमला. थॉमसला तर पुढं पार चीन गाठायचं होतं. पण गलबत येऊन लागलं ठाण्याला! साल होतं १३२१.

तेव्हा देवगिरीच्या यादवांचं राज्य नुकतंच संपलं होतं. ठाण्यावर दिल्लीच्या सुलतानाचा अंमल होता. गावात निरनिराळ्या धर्मांचे लोक राहत होते आणि त्यांत ख्रिस्ती लोकांचीही पंधरा घरं होती. त्यांतल्याच एका घरात हे पाच पाहुणे उतरले. तिथं त्यांना कळलं, की भडोचकडेही काही ख्रिस्ती लोक आहेत, पण त्यांना धर्माचं शिक्षण देणारं कुणी नाही. जॉर्डेनसला फारसी चांगली येत होती. म्हणून तो एकटाच तिकडे निघाला.

आणि इकडे घात झाला.

ज्या घरी पाहुणे उतरले होते तिथं नवरा-बायकोचं भांडण झालं. नवऱ्यानं बायकोला मारलं. ती काझीकडे दाद मागायला गेली आणि पाहुण्यांना साक्षीला बोलावणं आलं. साक्ष राहिली बाजूला, गोष्ट धर्माच्या वादावर गेली. शब्दानं शब्द वाढला. प्रेषितांबद्दल थॉमसनं दिलेलं उत्तर काझीच्या जिव्हारी लागलं. अखेर एप्रिल १३२१ मध्ये त्या चौघांना ठार मारण्यात आलं. ओडोरिक नावाचा इटालियन प्रवासी त्यानंतर थोड्याच दिवसांत ठाण्याला आला होता. तो लिहितो, की ही हत्या दिल्लीच्या सुलतानालाही रुचली नाही आणि त्यानं ठाण्याच्या अधिकाऱ्याला देहदंड दिला.

जॉर्डेनसला ही बातमी कळली तेव्हा त्याच्यावर आभाळच कोसळलं असणार. ठाण्यात भेटलेल्या जेनोव्हाच्या एका तरुणाच्या मदतीनं त्यानं चौघांचे देह सोपाऱ्याला नेले आणि तिथं पुरले. पुढं ओडोरिक त्यांच्या अस्थी बरोबर घेऊन चीनला गेला. थॉमस चीनला पोचला तो असा!

आता विचार करा. परका मुलुख, ओळखीचं कुणी नाही, मित्र मारले गेलेले. कुणीही पहिल्या गलबतानं घरी परतला असता. जॉर्डेनस राहिला. एकटा, दोन-अडीच वर्षं! ठाण्याहून त्यानं आपल्या साधूबंधूंना लिहिलेलं पत्र आजही उपलब्ध आहे. चाच्यांनी पकडलं, तुरुंगात टाकलं, शिव्याशाप दिले. अंगावर साधूचा झगाही उरला नाही, नुसत्या सदऱ्यावर हिंडावं लागलं. भूक, तहान, ताप तर रोजचेच. एवढं सगळं सांगून तो मागतो काय? आणखी माणसं पाठवा!

पुढं तो युरोपला परतला. १३२९ मध्ये पोप बावीसावा जॉन यानं त्याला कोल्लमचा बिशप नेमलं. बिशप म्हणजे एखाद्या प्रदेशातल्या ख्रिस्ती समाजाचा प्रमुख धर्मगुरू. रोमच्या चर्चनं भारतासाठी नेमलेला हा पहिला बिशप.

अशा दूरदेशी जाणाऱ्या बिशपांत युरोपात मोठं नाव आहे मेथोडियसचं. नवव्या शतकात तो आणि त्याचा भाऊ सिरिल स्लाव लोकांत गेले. स्लाव म्हणजे आजच्या चेक, पोलिश, रशियन वगैरे लोकांचे पूर्वज. त्यांच्या बोलीला लिपी नव्हती, म्हणून सिरिलनं ती तयार केली. पुढं मेथोडियसलाही अडीच वर्षं कैदेत काढावी लागली, आणि तीसुद्धा दुसऱ्या ख्रिस्ती बिशपांच्या! या भावांनी मागं लिपी ठेवली. जॉर्डेनसनं मागं ठेवलं एक छोटंसं लॅटिन पुस्तक, ‘मिराबिलिया’ म्हणजे ‘नवलाच्या गोष्टी’.

त्यात आपला किनारा भेटतो. एका फळाची गोडी शब्दांत सांगता येत नाही, असं तो म्हणतो. नाव लिहितो ‘अनिबा’. ओळखलंत ना? अहो, आपला आंबा! फणसाबद्दल लिहितो, की एक फळ पाच जणांना पुरतं. अग्नीची पूजा करणारे लोक मृतदेह बिनछपराच्या बुरुजात ठेवतात, हेही त्यानं नोंदवलं. पारशी लोकांच्या दोखम्याचं हे युरोपियन माणसानं केलेलं फार जुनं वर्णन आहे. जिथं तो स्वतः गेला नव्हता तिथल्या अजस्र सापांच्या कथाही पुस्तकात आहेत, पण तिथं तो सरळ सांगतो, की हे मी पाहिलेलं नाही, नुसतं ऐकलं आहे.

सगळ्यात महत्त्वाची नोंद मात्र वेगळीच आहे. इथले लोक जेवणात स्वच्छता पाळतात, खरं बोलतात आणि न्यायाला जपतात, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. लिहिणारा कोण? ज्याचे चार सोबती याच किनाऱ्यावर मारले गेले तो! सगळ्याच बाबतीत तो असा समतोल नव्हता. दुसऱ्यांच्या धर्मांबद्दल त्यानं कडवट शब्द वापरलेत, आणि आज ते आपल्याला पटणार नाहीत. पण काही माणसांच्या गुन्ह्याबद्दल त्यानं सगळ्या लोकांना वाईट ठरवलं नाही.

एखाद्या गावात आपल्याला एक वाईट माणूस भेटतो आणि आपण म्हणून टाकतो, “त्या गावचे लोकच तसले!” पुढच्या वेळी असं म्हणायच्या आधी ठाण्यातला तो एकटा पाहुणा जरूर आठवा.