अर्थशास्त्र स्पेशल, राज्यशास्त्र जनरल

"बी.ए.ला विषय कोणते घेतले?" या प्रश्नाला जळगाव-धुळ्याकडे कितीतरी वर्षं ठरलेलं उत्तर असायचं: अर्थशास्त्र स्पेशल, राज्यशास्त्र जनरल. नाहीतर त्याच्या उलट. यामागे फार विचार असे असं नाही. सायन्सची धास्ती, वेळापत्रकात बसणारी जोडी, पुढे स्पर्धा परीक्षेला उपयोग, एवढं पुरायचं. ऑक्सफर्डने १९२० मध्ये तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र मुद्दाम एका पदवीत गुंफलं. आपल्याकडे ती गाठ लिपिकाच्या खिडकीवर, अर्ज भरताना पडायची.

अमळनेरचं प्रताप आणि जळगावचं मूळजी जेठा ही दोन्ही महाविद्यालयं चाळीसच्या दशकातली. पदवीवरचा शिक्का आधी मुंबईचा, १९४९ नंतर पुण्याचा, १९९० पासून जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा. २०१८ मध्ये त्याला बहिणाबाईंचं नाव मिळालं. शिक्के बदलले, जोडी टिकली.

या जोडीचं सर्वांत ठळक नाव अर्थातच प्रतिभा पाटील. मूळजी जेठामधून राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्रात एम.ए., मुंबईत कायद्याचं शिक्षण, १९६२ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी जळगावातून आमदार, २००७ मध्ये राष्ट्रपती. त्यांच्या पुढाकाराने १९७३ मध्ये महिलांची सहकारी बँक निघाली, आणि २००३ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिचा परवाना रद्द केला. सहकार हा धडा अर्थशास्त्र विभागाने शिकवावा की राज्यशास्त्र विभागाने, हा प्रश्न तिथे येतोच.

कारण विभाग दोन होते. त्यांच्यामध्ये एक भिंत होती, आणि खानदेशातलं जगणं नेमकं त्या भिंतीच्या जागी होतं. कापसाचंच घ्या. १९७२ च्या हंगामापासून राज्याने कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली. कापूस सरकारलाच घालायचा, खासगी व्यापाऱ्याला नाही. हमीभाव मुंबईत ठरणार, चुकारे कधी मिळतील ते केंद्रावर कळणार. शेजारच्या राज्यात भाव चढला की आग्रा रोडने सेंधव्याकडे, नाहीतर गुजरातेत माल जायचा, आणि तो अडवायला सीमेवर नाके. मागणी-पुरवठा, राज्यसंस्था, दबावगट, संघराज्य असा सगळा अभ्यासक्रम एका बैलगाडीत भरलेला. १९८० नंतर शरद जोशींनी शेतमालाच्या भावाचा प्रश्न रस्त्यावर आणला, तेव्हा तो कोणत्या पेपरात बसवायचा हे ठरवणं आणखी अवघड झालं. वर्गात मात्र योजना कृषी विपणनात, चळवळ महाराष्ट्राच्या राजकारणात.

खानदेशातल्याच फैजपूरचं तर दोन्ही विभागांनी सोडून दिलं. डिसेंबर १९३६ मध्ये नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन तिथे भरलं, खंड आणि शेतकऱ्यांच्या कर्जाबद्दलचा कृषी कार्यक्रम तिथे मंजूर झाला. पण ते गेलं इतिहासाच्या वाट्याला. माझ्या मते ज्याला ही दोन शास्त्रं एकत्र शिकायची आहेत, त्याने फैजपूरच्या त्या ठरावापासूनच सुरुवात करावी.

कापसाचा एकाधिकार २००२ नंतर सैल होऊन संपला. आता नव्या शैक्षणिक धोरणात स्पेशल-जनरल जाऊन मेजर-मायनर आलं. कापसाच्या घरातलं पोरगं आजही अर्ज भरताना तेच दोन विषय निवडतं. हमीभाव जाहीर झाला की मोबाइलवर आकडा बघतं, आणि बापाला फोन करून विचारतं, "काय, घालायचा का घरातच ठेवायचा?"