देवडीवरचा पहारा आणि खोळंबलेली वाट

इंदूर, ग्वाल्हेर किंवा बडोद्याच्या जुन्या वाड्यांत ज्यांचे बालपण गेले, त्यांना देवडी म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. आत येणाऱ्याला देवडीवरचा पहारेकरी पाहून घेई. रोजच्या दूधवाल्याकडे बघून नुसती मान हलवी, अनोळखी माणसाला दोन प्रश्न विचारी. प्रत्येकाची झडती घ्यायची म्हटले असते तर घरचीच माणसे दारात ताटकळली असती. कुणालाच हटकायचे नाही तर पहारा कशाला हवा? आज आपण मोबाइलवरून बँकेचे खाते उघडतो किंवा रुग्णालयाचा अहवाल मागवतो, तेव्हा वाटेत असाच एक पहारेकरी उभा असतो. तो दिसत नाही, पण त्याची अडचण तीच आहे: किती तपासायचे, आणि किती वेळात?

ही अडचण किती खरी आहे ते एका प्रसंगावरून कळेल. तारीख २ जुलै २०१९, भारतीय वेळेप्रमाणे संध्याकाळचे ७ वाजून १२ मिनिटे. क्लाउडफ्लेअर ही कंपनी जगभरच्या असंख्य संकेतस्थळांच्या दारात उभी राहून येणारी मागणी तपासते. पानात घातक आज्ञा घुसवण्याचे प्रयत्न अधिक चांगले ओळखता यावेत म्हणून तिथल्या अभियंत्याने एक नवा नियम लागू केला. तो कुणाला अडवणारही नव्हता. चाचणी म्हणून नुसते पाहून नोंद करणार होता. पण काही क्षणांतच जगभरच्या त्यांच्या यंत्रांची सारी ताकद त्या एका नियमात अडकली. वाहतूक एका टप्प्यावर ८२ टक्क्यांनी घटली, आणि लोकांना पानांऐवजी चुकीचे संदेश दिसू लागले. हल्लेखोर कुणीच नव्हता. पहारेकऱ्याच्या नुसत्या पाहण्यानेच दार बंद पडले होते.

असे का झाले? मजकुरात विशिष्ट आकृतिबंध शोधण्यासाठी संगणकाला एक छोटे सूत्र देतात. त्या नियमातल्या सूत्राचा गाभा साधारण असा होता: ‘काहीही असो, पुन्हा काहीही असो, मग बरोबरचे चिन्ह, मग काहीही.’ पहिले ‘काहीही’ कुठे संपते आणि दुसरे कुठे सुरू होते, हे कुठेच ठरलेले नाही. म्हणून यंत्र एक विभागणी करून पाहते, जमली नाही की मागे येते, दुसरी करून पाहते, पुन्हा मागे येते. मजकूर दुप्पट झाला की काम चौपट, कधी त्याहूनही अधिक वाढते. अशा शोधाला वेळेची मर्यादा घालणारे एक संरक्षण पूर्वी त्या यंत्रणेत होते. पहाऱ्याचा भार हलका करण्यासाठी काही आठवडे आधी केलेल्या दुरुस्तीत ते चुकून निघून गेले होते. वेग वाढवण्याच्या खटपटीतच वेगाची राखण गेली.

यंत्राला खरोखर किती घाई असते ते पाहा. सेकंदाला १० गिगाबिट वाहणाऱ्या तारेवरून सर्वांत लहान आकाराची पाकिटे येऊ लागली, तर ती सेकंदाला सुमारे १ कोटी ४८ लाख होतात. म्हणजे एका पाकिटामागे ६७ नॅनोसेकंद. एका सेकंदाचे शंभर कोटी भाग केले तर त्यांतले ६७. तेवढ्यात हजारो संशयित शब्द एकामागून एक ताडून पाहणे अशक्य आहे.

यावरचा एक सुंदर उपाय आपल्यासारख्या ग्रंथप्रेमींना जवळचा वाटावा असा आहे. आल्फ्रेड आहो आणि मार्गारेट कोरासिक यांनी १९७५ साली तो मांडला, तो ग्रंथसूचीतला शोध सुलभ व्हावा म्हणून! समजा ‘अनावर’ आणि ‘वरण’ हे दोन शब्द शोधायचे आहेत आणि मजकुरात ‘अनावरण’ आले. यंत्र अ, ना, व, र असे वाचत ‘अनावर’ सापडल्याची नोंद करते. पण ते मागे फिरत नाही. शेवटचे ‘वर’ म्हणजे ‘वरण’ची सुरुवात, हे त्याने आधीच टिपून ठेवलेले असते, पुढे ‘ण’ दिसताच दुसरा शब्दही सापडतो. शब्द दोन असोत की दहा हजार, मजकूर एकदाच वाचायचा. ग्रंथपालांसाठी काढलेली ही युक्ती पुढे जाळ्यांवरच्या पहाऱ्यातही कामी आली.

दुसरा उपाय देवडीवरचाच: आधी स्वस्त तपासणी, मग महाग. बहुतेक पाकिटे पहिल्या झटपट चाचणीतच निघून जातात. जी खटकतात त्यांचीच बारीक झडती होते. तिसरा उपाय म्हणजे वाहतुकीची प्रत बाजूला घेऊन निवांत तपासणे. त्यात वाट खोळंबत नाही. मात्र चोर सापडतो तो आत शिरल्यावर.

खोट्या हाकाटीचाही हिशेब ठेवावा लागतो. समजा दहा लाख मागण्यांत एकच घातक आहे आणि पहारेकरी हजारांत एकदाच चुकतो. तरी एका खऱ्या चोरामागे सुमारे हजार सज्जनांवर बोट ठेवले जाईल. ते सारे तपासून थकलेला माणूस नेमकी खरी सूचनाही दुर्लक्षून पुढे जातो. म्हणून नियम वाढवले की सुरक्षा वाढते, हे नेहमीच खरे नसते.

त्या संध्याकाळी शेवटी काय केले? ७ वाजून ३७ मिनिटांनी तो पहारा जगभर पूर्ण बंद करण्यात आला आणि दोन मिनिटांत वाहतूक सुरळीत झाली. पहारा पुन्हा उभा राहायला ८ वाजून २२ मिनिटे झाली. मधला पाऊण तास दार उघडे होते, पण देवडी रिकामी होती. नंतर त्यांनी मागे न फिरणारी, वेळेची हमी देणारी शोधयंत्रणा स्वीकारली, आणि नवे नियम एकदम सगळीकडे न लावता टप्प्याटप्प्याने लावायचे ठरवले.

आपल्यापैकी कुणी पतपेढीचे संचालक असतील, कुणी शाळेच्या वा ग्रंथालयाच्या कार्यकारिणीवर. संगणक सुरक्षेचा प्रस्ताव समोर आला की ‘सगळे तपासले जाते ना?’ एवढेच विचारून सही करू नका. आणखी तीन प्रश्न विचारा. सगळ्यांत गर्दीच्या वेळी ही तपासणी किती वेळ घेते? रात्री करता येण्याजोगी सखोल तपासणी भर दुपारी तर चालत नाही ना? आणि पहारेकरी थकून कोसळला तर दार उघडे राहते की बंद? शेवटच्या प्रश्नाला यंत्राकडे उत्तर नसते. रुग्णालयाच्या अपघात विभागात दार उघडे राहणे बरे, तिजोरीच्या खोलीत बंद राहणे बरे. ते घरच्या माणसांनीच, आधी बसून ठरवायचे असते.