हौशी नाट्यसंस्था आणि शासकीय आश्रय : राज्य नाट्य स्पर्धेच्या संदर्भात एक विचार

प्रास्ताविक

महाराष्ट्रातील बहुतेक जिल्ह्यांच्या ठिकाणी, आणि अनेक तालुक्यांच्या गावीही, एखादी तरी हौशी नाट्यसंस्था कार्यरत असते. तिचे सभासद दिवसा बँकेत, शाळेत, कचेरीत वा दुकानात काम करतात आणि रात्री एखाद्या वर्गखोलीतील बाके बाजूला सारून तालमी करतात. या कामाचे त्यांना मानधन मिळत नाही. उलट वर्गणी त्यांनाच भरावी लागते. अशा स्वयंसेवी मंडळांना शासनाने साहाय्य करावे याविषयी दुमत आढळत नाही. ते साहाय्य कोणत्या स्वरूपाचे असावे, याची चर्चा मात्र क्वचितच होते. साहाय्याच्या स्वरूपाचा मंडळाच्या कामावर कोणता परिणाम होतो, हे प्रस्तुत लेखात राज्य नाट्य स्पर्धेच्या आधारे तपासले आहे.

पूर्वपीठिका

हौसेखातर एकत्र येऊन कला जोपासण्याची परंपरा आपल्याकडे शासकीय योजनांहून पुष्कळ जुनी आहे. कोल्हापूरचा ‘गायन समाज देवल क्लब’ १८८३ पासूनचा आहे. पुण्याचे ‘भरत नाट्य संशोधन मंदिर’ १८९४ मध्ये विद्यार्थ्यांचा एक क्लब म्हणून सुरू झाले. १९३० नंतर बोलपटांच्या स्पर्धेत व्यावसायिक नाटकमंडळ्या खचत गेल्या, तेव्हा नाटक जिवंत ठेवण्याचा भार मोठ्या प्रमाणात अशा हौशी मंडळांनीच उचलला. पुढे पन्नाशीच्या दशकात तत्कालीन मुंबई राज्याने नाट्यमहोत्सव व स्पर्धा यांना चालना दिली आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर या स्पर्धेला आजचे राज्यव्यापी रूप आले.

हा निर्णय किती वेगळा होता, हे इंग्लंडशी तुलना केल्यास स्पष्ट होते. ज्या कलापरिषदेचा नमुना नंतर अनेक देशांनी पुढे ठेवला, तिचा उगम १९४० मधील एका युद्धकालीन समितीत आहे. ‘पिलग्रिम ट्रस्ट’ या न्यासाने दिलेल्या २५ हजार पौंडांवर उभ्या राहिलेल्या त्या समितीचा आरंभीचा भर गावोगावच्या हौशी गायनवृंदांना व नाट्यमंडळांना प्रोत्साहन देण्यावर होता. १९४२ मध्ये अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स अध्यक्ष झाले आणि तो भर व्यावसायिक दर्जाकडे वळला. १९४६ मध्ये सनद मिळालेल्या ‘आर्ट्स कौन्सिल’ने हेच धोरण पुढे चालविले. हौशी मंडळे स्थानिक नगरपरिषदा, खाजगी न्यास आणि स्वतःची वर्गणी यांच्या भरवशावर राहिली. तरीही ती संपली नाहीत. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत एकट्या इंग्लंडमध्ये अशी सुमारे ४९ हजार मंडळे व त्यांचे ५९ लाख सभासद आढळले. महाराष्ट्राने याउलट मार्ग धरला. येथे शासनाने हौशी रंगकर्मींना दूर केले नाही, तर त्यांच्यासाठीच स्वतंत्र व्यासपीठ निर्माण केले. मात्र त्या व्यासपीठाला स्पर्धेचे रूप दिले.

स्पर्धेची रचना व तिचे फलित

सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या वतीने होणाऱ्या या स्पर्धेची प्राथमिक फेरी निरनिराळ्या केंद्रांवर व अंतिम फेरी एका ठिकाणी घेतली जाते. भाग घेणारी संस्था नोंदणीकृत असावी लागते. संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र आणि लेखकाची संमती लागते. नोंदणी म्हटली की वार्षिक सभा, इतिवृत्त, हिशेबतपासणी आणि कार्यकारिणी बदलली की धर्मादाय कार्यालयात बदल-अर्ज हे ओघाने आलेच. हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो. शासनाला मात्र तिची पावती लागते. यात गैर काही नाही, परंतु छोट्या गावातील मंडळात अभिनय करू इच्छिणारे दहा जण सापडतात आणि चिटणीसपद स्वीकारणारा एकही सापडत नाही, ही वस्तुस्थिती आहे.

स्पर्धेने मंडळाला नेमके काय दिले? पहिली गोष्ट म्हणजे तारीख. स्वयंसेवी कामात ‘पुढच्या वर्षी करू’ हा सर्वांत मोठा शत्रू असतो. प्रयोगाचा दिवस बाहेरून ठरून आला की तालमींना शिस्त येते. दुसरे म्हणजे सुसज्ज नाट्यगृह, आणि तिसरे म्हणजे अपरिचित परीक्षकांची नजर. या तारखेच्या दडपणाने मराठीला काय मिळाले याचे उदाहरण म्हणून विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’चा उल्लेख करावा लागेल. हे नाटक ‘रंगायन’साठी, राज्य नाट्य स्पर्धेच्या निमित्ताने लिहिले गेले आणि १९६७ मध्ये अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली सादर झाले. गंमत अशी की नाटकातील पात्रेही एका हौशी मंडळाचीच सभासद आहेत. गावी प्रयोगाला आलेली ही मंडळी वेळ घालविण्यासाठी लुटुपुटीचा खटला मांडतात आणि आपल्यातल्याच लीला बेणारेची शिकार करतात. हौशी मंडळातील सलगी आणि क्रौर्य यांचे इतके निर्भीड चित्रण हौशी मंडळानेच करावे, ही घटना लक्षणीय आहे.

दुसऱ्या प्रयोगाचा प्रश्न

मर्यादा दिसू लागते ती स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी. प्राथमिक फेरीत ज्या नाटकाची निवड होत नाही, त्याचा तो पहिला प्रयोग बहुधा शेवटचाच ठरतो. दोन-तीन महिन्यांच्या तालमी, भाड्याने आणलेले प्रकाशसाहित्य, सभासदांनी रात्री जागून रंगविलेले नेपथ्य हे सारे एका संध्याकाळसाठी असते. निर्मितिखर्चापोटी मिळणारी रक्कम त्याच प्रयोगापुरती असते. नाटक तालुक्यात फिरवावे यासाठी तिचा उपयोग होत नाही. परिणामतः ‘स्पर्धेचे नाटक’ असा एक वेगळा प्रकारच रूढ झाला आहे. नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा यांना स्वतंत्र पारितोषिके असल्याने त्या प्रत्येकाला वाव देणारी संहिता निवडली जाते. नेपथ्य इतके अवजड होते की ते दुसऱ्या गावी नेणे परवडत नाही. परीक्षकांसाठी बसविलेले नाटक प्रेक्षकांसमोर घासून-पुसून घेण्याची संधी नटांना मिळत नाही, आणि ज्या गावाने तालमींना वर्गखोली दिली त्या गावाला ते पाहावयासही मिळत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते या व्यवस्थेतील खरी हानी पारितोषिक हुकण्यात नसून येथे आहे.

यावर उपाय शोधला तो एका स्वयंसेवी संस्थेनेच. देशपांडे दांपत्याने सहकाऱ्यांसह स्थापन केलेल्या ‘आविष्कार’ने १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेचे सभागृह प्रयोगांसाठी उपलब्ध करून घेतले. तेथे मुंबईबाहेरच्या संस्थांचेही प्रयोग झाले. जागा लहान, सोयी जुजबी. परंतु भाडे आवाक्यातले आणि प्रेक्षक जाणकार. पुढे ‘छबिलदास चळवळ’ म्हणून जे ओळखले गेले, त्याच्या मुळाशी शाळा सुटल्यानंतर रिकामे राहणारे एक सभागृह होते.

दुसऱ्या प्रयोगाचे महत्त्व ‘घाशीराम कोतवाल’च्या इतिहासातूनही ध्यानात येते. डिसेंबर १९७२ मध्ये पुण्याच्या ‘प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन’ने ते रंगभूमीवर आणले, एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने ते थांबविले. ज्यांना ते चालू ठेवायचे होते त्यांनी १९७३ मध्ये ‘थिएटर अकॅडमी’ ही वेगळी संस्था स्थापन केली आणि १९८० मध्ये हे नाटक युरोपात पोहोचले. हे सारे घडले ते कलावंतांनी विसावा प्रयोग करण्याचा हट्ट धरल्यामुळे.

आज नगरपालिका व महानगरपालिकांची नाट्यगृहे शेकडो आसनांची आहेत. त्यांचे भाडे व वीजदेयक दीडशे प्रेक्षकांच्या तिकिटांतून निघत नाही. प्रत्येक केंद्रावरील निवड न झालेल्या दोन-तीन नाटकांना त्याच जिल्ह्यात आणखी तीन प्रयोगांपुरते भाडे व वाहतूकखर्च देणे, आणि त्यासाठी नगरपालिकेच्या शाळांची सभागृहे सायंकाळी खुली करणे, यास नव्या इमारतीची आवश्यकता नाही. शिक्षण मंडळ, नगरपालिका आणि संचालनालय यांपैकी शाळेची किल्ली कोणाकडे राहावी, एवढे आधी ठरवावे लागेल.