आकाशातून की समुद्राखालून?

फोनवर ‘हॅलो’ म्हटल्यावर पलीकडून उत्तर यायला किती वेळ लागतो? तुम्ही म्हणाल, “लगेच येते!” पण उपग्रहामार्फत नैरोबीहून लंडनला बोलणाऱ्याला पूर्वी प्रत्येक वाक्यानंतर थोडे थांबावे लागे. न थांबल्यास दोघांचे बोलणे एकमेकांत मिसळे. दोष फोनचा नव्हता, अंतराचा होता. कसा, ते पाहू या.

नैरोबी ही पूर्व आफ्रिकेतील केनिया देशाची राजधानी. १९७० साली केनियात लोंगोनोट ज्वालामुखीच्या परिसरात उपग्रह-भूस्थानक सुरू झाले. तेथील थाळीसारखा प्रचंड अँटेना भूस्थिर उपग्रहाकडे रोखलेला असे. असा उपग्रह पृथ्वीबरोबरच फिरतो, म्हणून तो आकाशात एकाच जागी स्थिर दिसतो. मात्र त्यासाठी तो विषुववृत्तावर सुमारे ३६,००० कि.मी. उंचीवर असावा लागतो.

आता थोडे गणित करू. संदेशाला वर जायला ३६,००० आणि खाली यायला ३६,००० असे एकूण ७२,००० कि.मी. जावे लागते. रेडिओलहरींचा वेग सेकंदाला ३ लाख कि.मी., म्हणजे ०.२४ सेकंद लागले. उत्तराला पुन्हा तेवढाच वेळ. झाला की नाही जवळजवळ अर्धा सेकंद!

पुढे इंटरनेट आले. उपग्रहाची संदेशवहनाची क्षमता मर्यादित आणि तिचे भाडे जबर. त्यामुळे केनियातील शाळा, महाविद्यालये आणि रुग्णालये यांना इंटरनेट महाग पडे आणि मिळे तेही संथ.

हे चित्र बदलले २००९ साली. त्या वर्षी मोम्बासा बंदरात ‘टीम्स’ आणि ‘सीकॉम’ या सागरी केबली येऊन पोहोचल्या. टीम्स संयुक्त अरब अमिरातीतील फुजैरापासून सुमारे ५,००० कि.मी. समुद्राखालून आलेली आहे. सीकॉमची एक शाखा तर आपल्या मुंबईपर्यंत आली आहे, बरे का!

या केबलच्या पोटात केसासारखे बारीक काचतंतू असतात. त्यांतून प्रकाशाच्या रूपाने संदेश जातो. मग प्रकाश वाटेत काचेबाहेर का पडत नाही? तंतूचा गाभा आणि त्यावरचे आवरण यांची काच वेगवेगळी असते. त्यामुळे गाभ्यातील प्रकाश आवरणावर तिरका आदळून आतच परत फिरतो. यालाच पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. वाटेत प्रकाश क्षीण होतो, म्हणून ठरावीक अंतरावर प्रकाशवर्धक बसवलेले असतात.

काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख कि.मी. वेगानेच जातो. तरीही मोम्बासा ते फुजैरा हे अंतर तो सेकंदाच्या चाळिसाव्या भागात कापतो. वेग कमी, पण वाट त्याहूनही कमी! २०२३ पासून केनियात सुमारे ५५० कि.मी. उंचीवरील उपग्रहांचीही सेवा मिळू लागली. तिच्यात विलंब कमी का होतो, हे आता तुम्हीच सांगू शकाल.

पण सागरी केबललाही धोके आहेतच. फेब्रुवारी २०१२ मध्ये मोम्बासाजवळ एका जहाजाच्या नांगराने टीम्स केबल तुटली. त्याच महिन्यात तांबड्या समुद्रातही काही केबली तुटल्या होत्या. साहजिकच पूर्व आफ्रिकेतील इंटरनेट मंदावले. समुद्रकिनारा नसलेल्या युगांडा आणि रुआंडा या देशांनाही त्याची झळ पोहोचली, कारण त्यांचे बरेचसे संदेश केनियातूनच जातात. म्हणून एकाच केबलवर विसंबून चालत नाही. निरनिराळ्या वाटांनी जाणाऱ्या अनेक केबली लागतात.

आणि समुद्रात केबल तुटली नेमकी कुठे, हे कसे कळते? किनाऱ्यावरून काचतंतूत प्रकाशाचा एक स्पंद सोडतात. तुटलेल्या जागेवरून त्याचा काही भाग परत येतो. समजा, तो सेकंदाच्या हजाराव्या भागात परतला, तर केबल किनाऱ्यापासून किती अंतरावर तुटली असेल? वही घ्या आणि सोडवा पाहू! मात्र प्रकाश जाऊन परत आला आहे, हे विसरू नका.

(उत्तर : १०० कि.मी.)