प्रक्षेपण स्वस्त, लक्ष महाग

स्पेनमध्ये 31 डिसेंबरच्या मध्यरात्री एक जुनी प्रथा पाळली जाते. माद्रिदमधील पुएर्ता देल सोल या चौकातील घड्याळाचे बारा ठोके पडत असताना प्रत्येक ठोक्यागणिक एक अशी बारा द्राक्षे खावयाची आणि नव्या वर्षाचे स्वागत करावयाचे. कित्येक दशके हा सोहळा तेथील कुटुंबे दूरचित्रवाणीवर पाहत आली. 2020 सालच्या अखेरीस मात्र पाच लाखांहून अधिक ठिकाणी तो पाहिला गेला तो इबाई यानोस नावाच्या 25 वर्षांच्या तरुणाने इंटरनेटवर केलेल्या थेट प्रक्षेपणातून. पुढच्याच वर्षी, दूरचित्रवाणीवर हा सोहळा वर्षानुवर्षे सादर करणारे ज्येष्ठ निवेदक रामोन गार्सिया या तरुणाच्या शेजारी येऊन उभे राहिले. एका माध्यमाने दुसऱ्याचे अस्तित्व मान्य केल्याचीच ती खूण होती.

इंटरनेटवरून थेट करमणुकीचे कार्यक्रम सादर करणाऱ्यांस 'स्ट्रीमर' असे म्हटले जाते. या व्यवसायाविषयी एक समज सर्वत्र रूढ झाला आहे. एक खोली, एक कॅमेरा, एक माइक आणि थोडे वाक्चातुर्य एवढ्या भांडवलावर कोणासही त्यात नाव आणि पैसा मिळविता येतो, असा हा समज आहे. इबाईचे उदाहरण त्याच्या पुष्ट्यर्थ हटकून दिले जाते. परंतु त्याची कारकीर्द क्रमाने तपासली असता निष्कर्ष जवळजवळ उलटा निघतो.

इबाईचा जन्म 1995 मध्ये बिल्बाओ येथे झाला. शाळकरी वयात एका मित्रासमवेत तो व्हिडिओ गेमचे समालोचन ध्वनिमुद्रित करून यूट्यूबवर टाकीत असे. स्पेनमध्ये व्हिडिओ गेमच्या व्यावसायिक स्पर्धा भरविणाऱ्या एल.व्ही.पी. या संस्थेला 2014 मध्ये समालोचक हवे होते. त्या निवडीतून या दोघा मित्रांना काम मिळाले. पुढील सुमारे सहा वर्षे इबाईने तेथे नोकरी केली. म्हणजे आवाजाचा चढउतार, सामन्यातील रिकाम्या क्षणी प्रेक्षकाला धरून ठेवण्याची हातोटी, सहकाऱ्याचे वाक्य उचलून पुढे नेण्याची सवय हे सारे तो एका संस्थेच्या पगारावर, संस्थेच्या तंत्रज्ञांच्या सहवासात शिकला. उमेदवारीचा हा काळ त्याच्या यशोगाथेतून बहुधा गाळला जातो.

2020 च्या आरंभी तो जी-टू या व्यावसायिक संघाकडे गेला आणि थोड्याच दिवसांत करोनाच्या साथीने स्पेन घरात कोंडले गेले. फुटबॉलची मैदाने ओस पडली. त्या मार्च महिन्यात इबाईने तेथील अव्वल साखळीतील खेळाडूंनाच व्हिडिओ गेमवर फुटबॉल खेळावयास लावले. स्पर्धा रेआल माद्रिदच्या मार्को असेन्सिओने जिंकली आणि साथीविरुद्धच्या मदतकार्यासाठी 1 लाख 40 हजार युरोंहून अधिक निधी जमला. त्यानंतर फुटबॉलपटू जेरार्ड पिके याच्याशी त्याची भागीदारी जमली. ऑक्टोबर 2021 मध्ये या दोघांनी चक्क फुग्यांची विश्वचषक स्पर्धा भरविली. फुगा जमिनीला टेकू द्यावयाचा नाही, एवढाच काय तो नियम. 32 देशांचे खेळाडू आले आणि पेरूने विजेतेपद पटकावले. पोरखेळालाही शिस्त, समालोचन आणि भांडवल यांची जोड दिली की त्याचा सोहळा होतो, हे यातून दिसले.

त्याच्या 'ला वेलादा देल आन्यो' या कार्यक्रमाचा विस्तार तर थक्क करणारा आहे. इंटरनेटवरील नामवंतांमधील मुष्टियुद्धाच्या लढती आणि त्यांच्या जोडीला संगीत असे त्याचे स्वरूप. 2021 मध्ये बार्सिलोनात झालेला पहिला कार्यक्रम एका वेळी सुमारे 15 लाख ठिकाणी पाहिला गेला, तर 2022 मध्ये हा आकडा 33 लाखांच्या घरात गेला. 2024 मध्ये त्यासाठी रेआल माद्रिदचे सांतियागो बेर्नाबेऊ हे मैदान घेण्यात आले. जुलै 2025 मध्ये सेव्हिया येथे झालेल्या पाचव्या कार्यक्रमाच्या वेळी हा आकडा 90 लाखांच्या पुढे गेला. इंटरनेटवरील प्रेक्षकाला यासाठी एक पैसाही मोजावा लागत नाही.

असे का घडते, याचे उत्तर अर्थशास्त्राला परके नाही. आल्फ्रेड मार्शल याने 1890 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मिसेस बिलिंग्टन या गायिकेचा दाखला दिला आहे. मानवी आवाज जेवढ्या लोकांपर्यंत पोहोचतो तेवढीच गायकाच्या मिळकतीची मर्यादा राहणार, असा त्याचा आशय होता. ध्वनिक्षेपक, रेडिओ आणि दूरचित्रवाणी यांनी ही मर्यादा टप्प्याटप्प्याने पुसून टाकली. 1981 मध्ये शेर्विन रोझेन याने या प्रक्रियेची मीमांसा केली. एकच कलाकार फारशा वाढीव खर्चाविना सर्वांना उपलब्ध झाला की गुणवत्तेतील अल्पशा फरकाचे मिळकतीत प्रचंड अंतर पडते, असे त्याने दाखवून दिले. थेट प्रक्षेपण हे या सिद्धांताचे आजवरचे सर्वांत लख्ख उदाहरण होय. प्रक्षेपणाचा खर्च नगण्य झाला, तथापि पाहणाऱ्याच्या दिवसाचे तास चोवीसच राहिले. जे साधन सर्वांना सुलभ असते त्यावर कोणाचीच कमाई ठरत नाही. ती ठरते दुर्मिळ वस्तूवर, आणि येथे दुर्मिळ आहे ते लोकांचे लक्ष. दार सर्वांना उघडे आहे, हे खरे. पण आत बसावयाच्या जागा वाढलेल्या नाहीत.

हे लक्ष टिकविण्याची किंमत काय, हेही पाहिले पाहिजे. स्ट्रीमरची मिळकत मुख्यतः जाहिराती, प्रायोजक आणि प्रेक्षकांची ऐच्छिक मासिक वर्गणी यांतून येते. चित्रपट एकदा तयार झाला की निर्माता झोपला असतानाही तो कमाई करतो. थेट प्रक्षेपणाचे तसे नाही. ते दुकानासारखे आहे. चार दिवस फळ्या लागल्या की गिऱ्हाईक शेजारी जाते. लडविग आग्रेन या अमेरिकी स्ट्रीमरने 14 मार्च 2021 रोजी एक प्रक्षेपण सुरू केले. प्रत्येक नव्या वर्गणीबरोबर त्याच्या घड्याळात आणखी काही सेकंद जमा होत. वर्गण्या येत राहिल्या आणि प्रक्षेपण 31 दिवस चालले. या काळात तो कॅमेऱ्यासमोरच जेवला आणि कॅमेऱ्यासमोरच झोपला. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांना झगडावे लागले आणि 1890 मध्ये ती मिळाली. त्या वेळी सुट्टी नाकारणारा मालक समोर दिसत होता. येथे मालक दृष्टीस पडत नाही. कामगार स्वतःच स्वतःची सुट्टी कापून घेतो आणि त्यालाच स्वातंत्र्य समजतो.

मालक दृष्टीस पडत नसला तरी तो आहे. ट्विच ही कंपनी अ‍ॅमेझॉनने 2014 मध्ये 97 कोटी डॉलरना विकत घेतली. बड्या स्ट्रीमरांपैकी काहींना वर्गणीतील 70 टक्के वाटा मिळत असे. एक लाख डॉलरपलीकडील मिळकतीवर तो 50 टक्क्यांवर आणण्याचा निर्णय कंपनीने सप्टेंबर 2022 मध्ये एकतर्फी जाहीर केला. पुढे फेब्रुवारी 2024 मध्ये, तेथील इंटरनेट जोडणीचा आकार परवडत नाही म्हणून, कंपनीने दक्षिण कोरियातील आपला व्यवसायच आवरता घेतला. तेथील स्ट्रीमरांना वर्षानुवर्षे जमविलेला प्रेक्षक घेऊन दुसरे घर शोधावे लागले. आपल्याकडे जून 2020 मध्ये सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. त्या निर्णयाची कारणे वेगळी होती. पण गावोगावच्या हौशी कलावंतांच्या वाट्याला आलेला परिणाम तोच होता. कुळाने जमीन कितीही कसदार केली तरी सातबारा दुसऱ्याच्या नावावर होता.

इबाईच्या कारकिर्दीतील आणखी एक प्रसंग येथे नमूद करण्याजोगा आहे. जानेवारी 2021 मध्ये 'एल रुबियुस' या स्पेनमधील ख्यातनाम स्ट्रीमरने अंडोरा या चिमुकल्या देशात वास्तव्यास जाण्याचे जाहीर केले. तेथे प्राप्तिकराचा कमाल दर 10 टक्के आहे. स्पेनमध्ये मोठ्या मिळकतीचा जवळजवळ निम्मा भाग करात जातो. त्या वादात, आपण स्पेनमध्येच राहू आणि कर भरू, अशी भूमिका इबाईने जाहीरपणे घेतली. हा केवळ वैयक्तिक सौजन्याचा भाग मानण्याचे कारण नाही. ज्याची उमेदवारी एका संस्थेत झाली, ज्याचा प्रेक्षक एका समाजाने घडविला आणि ज्याचे सोहळे सार्वजनिक व्यवस्थेच्या बळावर पार पडतात, त्याच्या यशात त्या समाजाचा वाटा असतो. असा तरुण सर्वस्वी एकट्याच्या कर्तृत्वाने वर आला, असे म्हणणे हिशेबाला धरून नाही.

आपल्या महाविद्यालयांतील अनेक मुलांना आज हा मार्ग खुणावीत आहे. त्यांची थट्टा करणे सोपे आणि त्यांना भुरळ पाडणे त्याहून सोपे. दोन्ही टाळले पाहिजे. हे श्रम आहेत आणि कौशल्याचे श्रम आहेत, हे पालकांनी व शिक्षकांनी प्रथम मान्य करावे. नंतर मुलांपुढे संपूर्ण ताळेबंद ठेवावा. त्यात एका इबाईच्या शेजारी रिकाम्या पडद्यापुढे बोलणारे असंख्य तरुण मांडलेले असावेत. इबाईजवळ जे होते, म्हणजे उमेदवारीची संस्था, नियमित पगार आणि सोबती, ते आधी मिळविण्याचा सल्ला त्यांना द्यावा. शासनाचीही जबाबदारी आहे. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या सातव्या अनुसूचीत, कामगारांच्या सुरक्षेसाठी निधी देण्यास ज्या मंचांना बांधील करता येते त्यांत आशय व माध्यमसेवा पुरविणाऱ्यांचाही उल्लेख आहे. संहिता नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली आहे. मोटार चालविणाऱ्या आणि घरपोच जेवण पोहोचविणाऱ्या श्रमिकांबरोबरच, कॅमेऱ्यासमोर रात्रीचा दिवस करणाऱ्या या मुलामुलींचाही विचार तिची अंमलबजावणी करताना व्हावयास हवा. करमणूक फुकट मिळत असली तरी ती करणाऱ्याचे आयुष्य फुकट नसते.