सिंधुदुर्ग शिकवताना : खाऱ्या समुद्रात गोड्या विहिरी



सिंधुदुर्ग शिकवताना आपण बहुतेक वेळा 'कोणी बांधला, कधी बांधला' इथंच थांबतो. यंदा आमच्या लिंबागणेशच्या वर्गात एका मुलानं विचारलं, "सर, सगळीकडं खारं पाणी, मग किल्ल्यातली माणसं प्यायची काय?" टँकरची वाट पाहिलेल्या लेकराला हाच प्रश्न पडणार! या प्रश्नापर्यंत मुलांना कसं न्यायचं, ते पाहू.

किल्ला कशासाठी?
समुद्रावर जंजिऱ्याचा सिद्दी, पोर्तुगीज आणि इंग्रज यांचा जोर होता. जंजिरा हाती येत नव्हता. म्हणून शिवरायांनी मालवणजवळचं कुरटे बेट निवडलं. भोवती पाण्याखाली खडक; वाट माहीत नसलेलं जहाज तिथं सहज फुटतं. २५ नोव्हेंबर १६६४ ला काम सुरू झालं आणि १६६७ मध्ये पुरं झालं. देखरेख हिरोजी इंदुलकर यांची होती.

बांधणी कशी?
लाटांनी पाया हलू नये म्हणून पायाच्या दगडांत शिसं ओतलं. सुमारे ४८ एकर बेटाभोवती जवळपास ३ किलोमीटरचा तट आहे, उंची ३० फुटांच्या आसपास. तट सरळ नाही, नागमोडी आहे. त्यामुळे तटाला भिडलेल्या शत्रूवर बाजूनेही मारा करता येतो. दरवाजा बुरुजांच्या आड असा लपवलाय, की होडीतून चटकन दिसतच नाही.

आणि पाणी?
किल्ल्यात दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या विहिरी आहेत. बाव म्हणजे विहीर. बेटावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून अशा बेटांवर ते वरच्या थरात राहतं. उपसा बेसुमार झाला, तर खारं पाणी वर चढतं.

हे वर्गात दाखवा. अर्धा ग्लास पाण्यात भरपूर मीठ आणि थोडा रंग विरघळवा. वरून चमच्याच्या आधारानं साधं पाणी हळूहळू सोडा. दोन थर वेगळे दिसतील. नंतर ढवळून दाखवा.

आमच्या पोरांनी ग्लास पाहिला आणि लगेच गावातल्या बोअरवर बोलायला लागली. घरचा अभ्यास म्हणून एवढंच द्या : आपल्या गावातली सगळ्यात जुनी विहीर कोणती, आणि तिचं पाणी कधी आटलं, हे आजी-आजोबांना विचारून या.