कापसाच्या सौद्यात ताकद कुठली आणि माहिती कुठली?

यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या एमआयडीसीत डेनिम कापड तयार होतं. पण या पुरवठा साखळीतला खरा रंजक सौदा गिरणीच्या गेटवर होत नाही, तो होतो कापसाच्या गाडीपाशी. व्यापारी मूठभर कापूस उचलतो, दाबून बघतो, भाव सांगतो.

क्विंटलभर कापसातून साधारण ३३ ते ३६ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. समजा रुई १५० रुपये किलो आणि सरकी ३० रुपये. उतारा ३४ ऐवजी ३६ आला तर दोन किलो रुई वाढते, दोन किलो सरकी घटते. म्हणजे क्विंटलमागे २४० रुपयांचा फरक! त्या भागातला माल जिनिंगमध्ये पिळून पाहिलेल्या व्यापाऱ्याला याचा अंदाज असतो, शेतकऱ्याला नसतो. उलट गाडीच्या तळाशी कवडी किती आणि कर्जाचा हप्ता कधी, हे शेतकऱ्यालाच ठाऊक. ही झाली खासगी माहिती.

ताकद वेगळी. एरियल रुबिनस्टाइनच्या १९८२ च्या मॉडेलमध्ये आळीपाळीने बोली लावणाऱ्या दोघांपैकी ज्याला थांबणं परवडतं, त्याला मोठा वाटा मिळतो. कापूस घरात ठेवला की सुकून वजन घटतं, खोली अडते, उन्हाळ्यात घरभर अंगाला खाज सुटते. पुस्तकातला ‘डिस्काउंट फॅक्टर’ म्हणजे हेच सगळं.

हमीभाव मुख्यतः ताकद बदलतो. २०२४-२५ मध्ये लांब धाग्यासाठी तो ७,५२१ रुपये होता; व्यापाऱ्याला ‘नाही’ म्हणायला शेतकऱ्याकडे पर्याय आला. पण सीसीआय ८ टक्क्यांवरच्या ओलाव्याला कपात लावते आणि १२ च्या वर माल घेत नाही. म्हणजे मोजमापाचा प्रश्न उरतोच. १९७२ ला सुरू झालेल्या एकाधिकार खरेदीत तर खासगी व्यापारीच बाजूला केला होता. तरी प्रत ठरवण्यावरून वाद होत राहिले आणि बाहेर भाव चढला की कापूस सीमेपलीकडे जायचा. मला हे उदाहरण फार शिकवणारं वाटतं, कारण खरेदीदार बदलला तरी माहितीचा पेच जागेवरच होता.

मायरसन आणि सॅटरथ्वेट यांनी १९८३ मध्ये दाखवलं की दोघांचेही आकडे लपलेले असतील आणि सौदा फायद्याचा आहेच याची खात्री नसेल, तर बाहेरून पैसा न घालता प्रत्येक फायद्याचा सौदा घडवून आणेल अशी कुठलीच पद्धत नाही. थोडे सौदे मोडणारच.

संशोधनात उतरणाऱ्यांची गोची अशी, की निव्वळ भाव बघून दोन्ही परिणाम सारखेच दिसतात. उतारा मोजून दिला आणि फक्त चांगल्या मालाचा भाव वाढला, तर ते माहितीचं काम. जवळ खरेदी केंद्र उघडून सगळ्यांचाच वाढला, तर ताकदीचं. पण केंद्रावर ओलावाही मोजतात, त्यामुळे एकाच वेळी दोन्ही बदलतं. म्हणून मी केंद्र सुरू झाल्यानंतर मध्येच बंद राहिलेले दिवस आधी तपासेन: माल तोच, ओलाव्याचा अंदाज आता शेतकऱ्यालाही आलेला, फक्त पर्याय तेवढा गेलेला.